दाराच्या अभंगातली जागा

५ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी बागेत, बाकाजवळ, चपला काढून उभा राहिलो आणि मोठ्यानं अभंग म्हटला. माणसं फिरत होती, कुणी थांबून बघत होतं. मी कंपनीच्या स्टोअरमध्येसुद्धा आवाज चढवून बोलत नाही. घरी येऊन मंगलला सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबली.

झालं असं. रविवारी फेऱ्या मारून आम्ही तिघं त्याच बाकावर बसतो. मी, रशीदभाई आणि कुलकर्णी सर. रशीदभाईंचं शहागंजला घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, भौतिकशास्त्र शिकवायचे. या वर्षी एकच विषय चाललाय, लोकांनी कुठल्या गाणाऱ्याला उगीच डोक्यावर घेतलंय. दर रविवारी एक मोठं नाव पिंजऱ्यात. तिघांत दोघं म्हणाले ‘उगीच’, की त्या गायकाच्या चाहत्यानं चहा पाजायचा. मागच्या आठवड्यात रशीदभाईंचे कव्वाल मकबूल बुऱ्हाणपुरी पिंजऱ्यात गेले. सर म्हणाले, “तासभर एकच ओळ. हे गाणं की पाढे?” रशीदभाई म्हणाले, “तुमचे भजनवाले दोन तास एकच नाव घेतात, ते चालतं?” पण चहा पाजला.

आज सरांनी अंजनवेलकरबुवांचं नाव काढलं. “आवाज आहे, नाही म्हणत नाही. पण भक्ती दाखवतात. प्रत्येक ओळीला डोळे मिटतात.” मला लागलं. बुवांना मी कधी पाहिलेलं नाही. पण आमच्या गावचं भजनी मंडळ त्यांच्याच चालींवर वाढलंय. मी म्हटलं, दाराचा अभंग ऐकलाय तुम्ही? सर म्हणाले नाही. सांगून कळेना, म्हणून उभा राहिलो.

देवाच्या दारात उभं राहून ‘आत येऊ का’ असं विचारणारा अभंग. तिसऱ्या चरणात, ओळ अर्ध्यावर आली की सगळं थांबतं. टाळ, पखवाज, पेटी, माणसं. दोन-चार श्वास काहीच नाही. मग तीच ओळ पहिल्यापासून. दार वाजवून उत्तराची वाट बघावी तसं.

मी थांबलो तेव्हा रशीदभाईंच्या हातातली काठी हलेना. मग म्हणाले, “क्या जगह निकाली है बुवा ने. हौ, ये आदमी बड़ा है.”

सर म्हणाले, “ही जागा खरंच बुवांची असेल तर मी शब्द मागं घेतो. रेकॉर्ड आणा.”

निकाल राखून ठेवलाय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी. आजपासून गावी काकडा सुरू. महिनाभर रोज पहाटे देवळात भजन, पौर्णिमेला समाप्ती. लहानपणी थंडीत उठायचा कंटाळा यायचा. आता इथं सिडकोत पहाटे जाग आली की वाटतं, तिकडं आता पेटी उघडली असेल.

कंपनीच्या बसमध्ये आज पुन्हा दाराचा अभंग मनात म्हटला. थांबायच्या जागेला वाळूजच्या सिग्नलला गाडी थांबली. हसू आलं.

बुवांचं बाकीचं गाणं कितीदा ऐकलं. हा एक अभंग मात्र त्यांच्या आवाजात मुद्दाम कधी ऐकला नाही. मंडळाकडूनच शिकलो, मंडळाचाच पुरायचा. मोठी माणसं सांगायची, ही बुवांची चाल हाय, बदलायची नाय. कुणी कशाला तपासतंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ऋतुजाला सांगितलं, बाळा, एवढं शोधून दे. कॉलेजला जायच्या गडबडीत होती, तरी दोन मिनिटांत काढून दिलं. बुवांचा तोच अभंग, जुनं ध्वनिमुद्रण, कॅसेटच्या कव्हराचा फोटोसुद्धा.

ऐकलं. बुवा थांबतच नाहीत.

पुन्हा ऐकलं. तिसरा चरण आला, ओळ सरळ पुढं गेली. सुंदर गेली, तक्रार नाही. पण गेली.

म्हटलं, हा दुसरा कुठला कार्यक्रम असेल. ऋतुजा म्हणाली नाही बाबा, कव्हर बघा ना. मग जाता जाता दारातून म्हणाली, “तुमच्या मंडळाकडं कॅसेट होती ना? बाजू संपली असेल तिथं.”

मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला समजावून सांगितलं. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मग राहवेना. “म्हणजे तुमचं अख्खं मंडळ इतकी वर्षं कॅसेट पालटायची वाट बघत बसतं?”

मीही हसलो. पण नंतर डबा भरताना हात हळू चालला. त्या जागेला मी डोळे मिटलेत. वडील गेल्यावर पहिल्यांदा रडलो तो त्याच जागेला. ऋतुजाच्या वेळी मंगल दवाखान्यात अडली होती तेव्हा बाहेर बाकावर मनात तीच जागा धरून…

कॅसेट.

१२ ऑक्टोबर, रविवार

बागेत गेलो नाही. काल संध्याकाळीच बीडच्या गाडीनं पाचोडला उतरलो, तिथून काळी-पिवळीनं गावी. रशीदभाईंना फोन केला, काकड्याला चाललोय. म्हणाले, “चुपके से भागे क्या?” थोडं खरंच आहे ते.

पहाटे देवळात पंधरा-वीस माणसं. पुढं आता माझा चुलतभाऊ भागवत असतो, पेटीवर. आवाज चांगला, घाई जरा जास्त. तात्या भिंतीला टेकून. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, मंडळ त्यांनीच उभं केलं. आता गात नाहीत, ओठ हलतात.

दाराचा अभंग आला. आज मी भाविक म्हणून नाही, तपासायला बसलो होतो. थांबले सगळे. कुणाच्या तरी गोठ्यात साखळी वाजली. तात्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला. आणि मला, सगळं माहीत असून, नेहमी होतं तेच झालं. काय करावं याला.

नंतर तात्यांना घरी सोडायला गेलो. ओसरीवर चहा घेताना विचारलं.

“तात्या, ते थांबायचं कुठनं आलं?”

“कुठनं म्हंजी? कॅसेट पालटाया नको व्हय?” असं म्हणाले जसं काही मी विचारायला फार उशीर केला. पाचोडच्या बाजारातल्या दुकानदारानं भरून दिलेली कॅसेट, ती लावून सगळे तिच्याबरोबर म्हणत शिकायचे, पण पट्टी मध्येच संपायची. तात्या हात वर करायचे, टाळ थांबायचे, तात्या कॅसेट काढून उलटी घालायचे. दुकानदारानं दुसऱ्या बाजूला ओळ पहिल्यापासून घेतलेली. तसंच बसलं सगळ्यांच्या तोंडात.

“मग पाठ झाल्यावर तरी कशाला थांबत राहिलात?”

“येकदा थांबलो नाय की. म्हणून बघितलं सरळ. कुणालाच गोड लागंना. गाडी सुटल्यावानी पळतंय असं वाटलं. म्हणलं राहू द्या.”

“लोकं तर म्हणतात ती बुवांची जागा.”

“बाकी समदं बुवांचंच हाय की रं. येवढं एक असंना का इकडचं.” बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “साखर कमी हाय. तुझ्या काकूला सांग.”

१५ ऑक्टोबर, बुधवार

स्टोअरमध्ये दिवाळीआधीची गर्दी. नव्या मालाचे खोके कुठं ठेवू म्हणून माणसं विचारतात, मी भलतंच सांगतो.

विचार एवढाच. एखाद्याला आपण मोठा म्हणतो त्यात त्याचं किती आणि आपलं किती. सर म्हणतात फुगवलेला. पण फुगवणाऱ्यानं आपलाच श्वास घातलेला असतो ना त्यात. मग तो श्वास खोटा कसा?

हे रविवारी बोलायला जमणार नाही. लिहून ठेवलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कट्ट्यावर सांगून टाकलं. सरांना वाटलं होतं रेकॉर्ड आणलीय, ते चष्मा पुसून बसले होते. सांगून झालं तेव्हा रशीदभाई इतके हसले की शेजारच्या बाकावरच्या बायका उठून गेल्या. “तो फिर इनाम टेपरिकॉर्डर कू दो मियाँ! बुवा कू कायकू?”

सर हसले नाहीत. म्हणाले, “माझी पंचाईत झाली. बुवांमधली मला आवडलेली एकच गोष्ट, आणि ती बुवांची नाही.”

मग वाद वेगळाच पेटला. रशीदभाई म्हणतात, दुकानात कुणी बंद घड्याळ आणून म्हणतं, हे माझ्या अब्बांच्या वेळी असंच बंद होतं, चालू करू नका, फक्त पुसून द्या. मी पुसून देतो. तसंच हे. सर म्हणतात, पुसून द्या, पण ते चालतं असं लिहून देऊ नका. मी म्हटलं, मी कुठं लिहून दिलं? सर म्हणाले, “दिलंत. दोन आठवड्यांपूर्वी. चपला काढून.”

रशीदभाईंनीही मत फिरवलं. निकाल दोन विरुद्ध एक. बुवा उगीच. चहा माझा. सरांनी बिस्कीटसुद्धा मागवलं.

येताना वाटलं होतं जड वाटेल. नाही वाटलं. मंगलसाठी झेंडूची फुलं घेतली. पिवळी जास्त, केशरी कमी मिळाली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

भागवत त्याच्या बहिणीकडं मुकुंदवाडीला आला होता, तिथून आमच्याकडं. हातात करंज्यांचा डबा आणि चेहऱ्यावर मोठी बातमी. एक तारखेला बुवांचा सत्कार आहे शहरात. ऐंशी पार केलीय त्यांनी, आता गात नाहीत. आयोजकांनी ठरवलंय की बुवांच्या चालीवर गाणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मंडळांनी एकेक अभंग म्हणायचा, बुवांसमोर. आमचं मंडळ निवडलंय. दाराचा अभंग.

मंगलनं त्याच्या पुढ्यात चिवडा ठेवला. भागवतचा हात तसाच राहिला. “दादा, एक घोळ हाय. मी फोनवर ऐकलं ते. बुवा थांबत नायत.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत? मग सांगायचं ना! आता बुवांच्या म्होरं चुकीचं म्हणायचं व्हय? लोक काय म्हणतील, खेडवळ, चाल बी धड शिकले नाय. मी म्हणतो आठ दिवसांत दुरुस्त करून घेऊ.”

“तात्या काय म्हणतात?”

“तात्या म्हणतात सुभ्याला इचारा. तो शहरात ऱ्हातो.”

शहरात राहतो म्हणून मला विचारा! मी म्हटलं, रविवारी येतो गावी, मग सांगतो. भागवत गेल्यावर मंगल म्हणाली, “मला तर आपल्या लग्नातला बँडच सगळ्यात चांगला वाटला होता. त्याला कुणी सत्काराला बोलावलं नाही.” आणि करंज्या डब्यातून काढायला लागली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ठरत नाही. भागवतचं म्हणणं वावगं नाही. ज्याची चाल त्याच्यासमोर त्याचीच म्हणावी. घरी आलेल्या पाहुण्याला त्याच्या आईचं नाव चुकीचं सांगितल्यासारखं होईल.

पण मंडळातली अर्धी माणसं पन्नाशीपुढची. आठ दिवसांत जीभ वळेल, पण श्वास? तिथं श्वास घ्यायची सवय झालेली. आणि वळला तरी… पहाटे परत कुठल्या तोंडानं थांबणार? एकदा दुरुस्त केलं की दुरुस्तच.

देवापुढं दिवा लावून बसलो. काही सांगितलं नाही त्यानं. नेहमीसारखंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

गावी. काकडा झाल्यावर सगळे देवळातच बसले. मी एवढंच म्हणालो, “आपण देवासमोर जसं म्हणतो तसंच तिथं म्हणू. बुवा मोठे असतील तर त्यांना चालेल.”

भागवत म्हणाला, “आन नाय चाललं तर?”

“तर मी जबाबदार. मी टाळकऱ्यांत पुढं उभा राहतो.”

तात्या भिंतीशी बसून मान हलवत होते. होकार होता की डुलकी, कळलं नाही.

बागेतला कट्टा पुन्हा बुडाला. सरांचा निरोप: “चित्रपटगायक जयंत सारंग आज दोषी ठरले. चाहता मीच, तरी मीही ‘उगीच’ म्हणालो. चहा मीच पाजला. तुम्ही नव्हतात म्हणून जास्तीचा कप रशीदभाईंनी प्यायला.”

१ नोव्हेंबर, शनिवार

झालं. लिहिताना अजून हात गरम आहे.

मंडळ जीपनं आलं, दोन खेपांत. सगळ्यांची पांढरी टोपी, धुतलेली. तात्या आले नाहीत, इतका वेळ बसवत नाही. नाट्यगृहात गार हवा, त्यानं पखवाजाचा सूर उतरला, भागवतच्या कपाळाला घाम. कुलकर्णी सर तिसऱ्या रांगेत. मी बोलावलं नव्हतं, स्वतःच आले. रशीदभाई दुकान बंद करून उशिरा पोचले, दाराशी उभे.

बुवा रंगमंचाच्या कडेला खुर्चीत. फोटोतल्यापेक्षा फार लहान दिसले. हाताची बोटं मांडीवर ताल धरून होती.

तिसरा चरण. थांबलो.

तिथं गावची साखळी नाही, काही नाही. फक्त पंख्याचा की कशाचा आवाज. मागं कुणीतरी चुकून टाळ्या सुरू केल्या आणि लगेच थांबवल्या. मी बुवांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. त्यांची बोटं हवेत थांबली होती.

मग आम्ही ओळ घेतली. त्यांच्या बोटांनीही ताल घेतला.

संपल्यावर त्यांनी माईक मागितला. आवाज चिरका, पण शब्द स्वच्छ. म्हणाले, “ही थांबायची जागा माझ्या गुरुजींची. त्यांनी मला दिली. मी पुढं विसरलो, आणि या मंडळींनी खेड्यात ती जपून ठेवली. मी धन्य झालो.”

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. भागवत रडला. सगळे पाया पडले, मीही पडलो. बुवांनी डोक्यावर हात ठेवला.

जीपमध्ये बसताना सगळे एकच बोलत होते, गुरुजींची जागा, गुरुजींची जागा.

२ नोव्हेंबर, रविवार

एकादशी. उपास, तरी कट्ट्यावर गेलो. आजच्याइतका वाद कधी झाला नव्हता.

सर तावातावात. “उघड उघड खोटं बोलला माणूस. कॅसेटची जागा गुरूच्या नावावर टाकली. आधी नुसते फुगवलेले म्हणत होतो, आता…”

रशीदभाई: “नाही सर, नक्को. जरा सोचो. ते म्हणाले असते, हे माझं नाही, तर या गाँववालों का मुँह केवढा झाला असता? भर सभेत? बड्या माणसानं लाज राखली.”

“लाज राखायला ‘छान म्हटलंत’ एवढं पुरलं असतं. गुरूला कशाला मध्ये आणलं?”

“तो गुरू का नाम लेके झूठ बोले तो भी गुरू का ही नाम लिया ना.”

“रशीदभाई, हा काय न्याय आहे?”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. सर म्हणाले, मत द्या, नाहीतर निकाल लागत नाही. मी दिलं नाही. म्हणून आज चहाच झाला नाही. तसा माझा उपासच होता.

घरी मंगलला सांगितलं. भगर ढवळता ढवळता म्हणाली, “म्हातारं माणूस आहे. खरंच वाटलं असेल त्यांना. किंवा गुरूची असेलही अशी एखादी जागा, आपल्याला काय ठाऊक?” हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

भागवतनं फोनवर फोटो पाठवला. परवाच्या समाप्तीसाठी फ्लेक्स छापून आला. देवळाच्या दाराएवढा. वर बुवांचा फोटो, खाली मंडळ, टोप्या घालून. मोठ्या अक्षरांत: ‘गुरुपरंपरेची दुर्मीळ जागा जपणारं मंडळ’.

तात्यांचा फोटो कोपऱ्यात. छोटा. टोपी अर्धी कापली गेलीय.

फोन केला. म्हटलं भागवत, तुला तर माहीत आहे ना कॅसेटचं? म्हणाला, “दादा, बुवा सोता म्हणले. आता बुवांपरीस आपण जास्त शहाणे का? आन गावाला चांगलं वाटायलंय. राहू द्या की.”

चांगलं वाटतंय हे खरं. मलाही वाटतंय. नाट्यगृहातल्या लोकांनी आमच्यासाठी उभं राहावं, वडील असते तर…

तात्यांना विचारलं फोनवर. म्हणाले, “बरं झालं की. कुणाचं का असंना.”

४ नोव्हेंबर, मंगळवार

‘कुणाचं का असंना.’ हे तात्या म्हणू शकतात. मी म्हणू शकतो का?

दिवसभर हेच. बुवा खोटं बोलले असं माझ्या तोंडून निघणार नाही. ते खोटं होतं हेही मला पक्कं माहीत नाही. पण तात्यांचा हात वर जायचा, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. आणि सरळ म्हणून बघितल्यावर कुणालाच गोड लागलं नाही, तेही. त्या दिवशी देवळात बसलेल्या माणसांनी काहीतरी ठरवलं होतं. आता नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी ते कुणाला खरंच माहीत नसेल.

दुसरं मन म्हणतं, सुभाष, सणाच्या दिवशी कशाला. भागवतनं एवढं केलं. पोरं आनंदात आहेत.

रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, परत गाव? म्हटलं, शेवटचा दिवस आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा

पहाटेच्या काकड्याला होतो, काल रात्रीच आलो होतो. नंतर दिंडी, मग काला. फ्लेक्स देवळाच्या दाराशी, वाऱ्यानं फडफडत. बायका त्याच्यापुढं उभ्या राहून आपापली माणसं ओळखत होत्या.

काल्यानंतर, पंगत बसायच्या आधी, भागवतनं माझं नाव पुकारलं. शहरातले सदस्य, आभार मानतील. माईक हातात आला. सगळ्यांचे आभार मानले, आचाऱ्यांचेसुद्धा. मग म्हटलं, एक गोष्ट सांगायची आहे.

आणि सांगितलं. बुवांबद्दल वाईट एक शब्द नाही. एवढंच, की बुवांनी मोठ्या मनानं ती जागा गुरुजींची म्हटली, ती असेलही. पण आपल्याकडं ती अशी आली. कॅसेट पालटायची होती, तात्यांनी हात वर केला, तुमचे आजे-बाप थांबले. नंतर थांबायची गरज नव्हती, तरी थांबले, कारण त्यांना गोड लागलं.

बायकांतून कुणीतरी हसलं, मग बरेच. भिकाकाकू मोठ्यानं म्हणाली, “म्हंजी आमच्या तात्याची हाय व्हय ती!”

तात्या तिच्याकडं न बघताच म्हणाले, “माझी कशाची आलीय. म्या बटन दाबलं.”

त्यावर आणखी हसले. भागवत हसला नाही. पंगतीत माझ्या ताटात बुंदी वाढताना हळूच म्हणाला, “दादा, हे आधी सांगायचं. आता या फ्लेक्सचं काय करू?” रागावलाय. काही दिवस राहील राग. काढ असं मला म्हणवेना, राहू दे असंही म्हणवेना. “जेव तू आधी,” म्हणालो.

येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली. बुवा खोटं बोलले की त्यांनी आमची लाज राखली, याचं मत अजून माझ्याकडून द्यायचं राहिलंय. ते कदाचित राहूनच जाईल. सर आणि रशीदभाई भांडोत. पण जे गावासमोर सांगायचं ठरवलं होतं, ते आज सांगून आलो.